कामात रमलेला की कामातून सुटका नसलेला? – एचआरमधून दिसलेलं

चिंचवडकर_सुलभा (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं कारखान्यांच्या एचआर खात्यात काढली, शेवटची चाकणला. आता नोकरी सोडली आहे, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

आमच्याकडे दरवर्षी 'एंगेजमेंट सर्व्हे' व्हायचा. माणसं किती जीव ओतून काम करतात ते प्रश्नावलीतून मोजायचं आणि प्रत्येक विभागाला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग द्यायचा. हिरवा आला की मॅनेजर खूश, प्लांट हेड खूश आणि आमच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड जास्त. माझी तक्रार या हिरव्या रंगाबद्दलच आहे. त्यात दोन अगदी निराळ्या प्रकारची माणसं एकत्र येतात, आणि त्यातला एक प्रकार आतून आजारी पडत असतो.

आमच्या टूल रूममध्ये एक गृहस्थ होते. डाय (साचा) हातात घेतली की चहा गार झालेला कळायचा नाही. नवीन पोरांना शिकवायला लागले की थांबायचे नाहीत. पण शिफ्ट सुटली की हात धुऊन कंपनीची बस पकडणार, आणि गणपतीला गावी गेले की फोन उचलतील तर शपथ. दुसरे प्लॅनिंगचे. सगळ्यांच्या आधी हजर, सगळ्यांच्या नंतर बाहेर, रविवारीही सिस्टिममध्ये लॉगिन. मुलीच्या वाढदिवसाला केक कापताना यांचा एक कान डिस्पॅचच्या फोनला. सर्व्हेत दोघांना जवळपास सारखेच गुण! प्लॅनिंगवाल्यांना तर तिमाहीचा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून ट्रॉफीसुद्धा मिळाली. पुढे रक्तदाब, झोपेच्या गोळ्या, आणि एका रिव्ह्यू मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांना रडू कोसळलं. वरच्या साहेबांची प्रतिक्रिया होती, "अरे, हा तर आपला सगळ्यात एंगेज्ड माणूस!"

संशोधकांनी हा फरक कधीच टिपला आहे. वेन ओट्स या अमेरिकन धर्मोपदेशक-मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच स्वतःच्या कामाच्या ओढीबद्दल लिहिताना तिची गाठ दारूच्या ओढीशी घातली होती. नंतर नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाचे विल्मार शाउफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामात रमणं आणि कामाचं व्यसन या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या पट्ट्या, म्हणजे प्रश्नावल्या, तयार केल्या. कामात रमण्याच्या २००२ मधल्या पट्टीत तीन घटक आहेत: जोम, समर्पण आणि तल्लीनता. कामाच्या व्यसनाच्या पट्टीत दोन: प्रमाणाबाहेर काम आणि आतली सक्ती. नुसतं प्रमाणाबाहेर काम करणारा व्यसनी नव्हे. त्याच्यामागे घराचा हप्ता असेल, बढतीची आशा असेल, नाहीतर डोक्यावर बसलेला साहेब असेल. व्यसन तेव्हा, जेव्हा काम नसताना अपराधी वाटतं, जीव कासावीस होतो आणि ते शमवायला माणूस पुन्हा कामाकडेच धावतो.

अकिहितो शिमाझू यांनी शाउफेलींबरोबर जपानी कर्मचाऱ्यांवर हेच तपासलं. कामात झोकून देणं दोन्ही गटांत होतं, परिणाम मात्र उलटे. सक्तीने काम करणाऱ्यांची तब्येत खालावलेली आणि आयुष्याबद्दल समाधान कमी. रमून काम करणाऱ्यांची तब्येत बरी, समाधान जास्त आणि कामही चांगलं.

आता गंमत बघा. शाउफेलींच्या मूळ १७ प्रश्नांच्या पट्टीत तल्लीनतेखाली एक विधान आहे, साधारण असं: कामापासून स्वतःला अलग करणं मला अवघड जातं. म्हणजे आमच्या प्लॅनिंगवाल्यांना इथेही पैकीच्या पैकी! नंतरच्या ९ प्रश्नांच्या छोट्या पट्टीत हे विधान नाही. कंपन्यांनी स्वतःच बनवलेल्या सर्व्हेत मात्र याच धाटणीचे प्रश्न सर्रास असतात: 'गरज पडल्यास मी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबतो', 'मी नेहमी माझ्या जबाबदारीपलीकडे जातो'. होय म्हणणारा हिरवा.

म्हणून मी माझ्यापुरती एक चाचणी धरली. माणूस कामावर असताना कसा आहे ते सोडा, रजेवर गेल्यावर कसा असतो ते बघा. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांचं बरंचसं काम यावरच आहे. कामानंतर मन कामापासून सुटतं का, आणि ते सुटलं नाही तर थकवा कसा साचत जातो, हा त्यांचा विषय.

तुमच्याकडे काय चित्र आहे? रजेवर असताना तुमचं, तुमच्या माणसांचं, तुमच्या साहेबाचं काय होतं?

---

टिवल्याबावल्या

मी पयला!

धागा ऑफिसात वाचतोय, त्यामुळे मी कुठल्या प्रकारात मोडतो ते सांगायला नकोच.

---

शाखेतला_माणूस

सुलभाताई, रजेच्या चाचणीवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. मी बँकेत अधिकारी आहे, विदर्भात.

आमच्याकडे रिझर्व्ह बँकेचा एक नियम आहे, २०२१ च्या परिपत्रकातला. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवायचं. त्या काळात ऑफिसचा अंतर्गत ईमेल सोडला तर कामाशी संबंधित कशालाही हात लावता येत नाही, प्रत्यक्षही नाही आणि ऑनलाइनही नाही. हा नियम कुणाच्या मानसिक आरोग्यासाठी नाही बरं! तो घोटाळे उघडकीस यावेत म्हणून आहे. खात्यात अफरातफर करणारा माणूस कधी रजा घेत नाही, कारण तो हलला की दुसरा कुणीतरी खाती उघडून बघणार. म्हणजे रजा न घेणारा माणूस एचआरला आदर्श वाटतो आणि ऑडिटरला संशयित.

माझी पाळी आली तेव्हा मार्च जवळ आला होता. सकाळी निरोप आला, आजपासून रजा. सुरुवातीला मी घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरत होतो. बायको म्हणाली, काहीतरी करा नाहीतर माहेरी जाते. मग मी रोज सकाळी भाजी आणायला म्हणून बाहेर पडायचो आणि शाखेसमोरच्या टपरीवर चहा घेत बसायचो. आत जायचं नाही, नुसतं बघायचं. शटर वेळेवर वर जायचं. रांग असायची, पुढे सरकायची. माझ्या जागेवर बसलेली पोरगी, माझ्यापेक्षा बरीच ज्युनियर, सगळं व्यवस्थित सांभाळत होती.

खरं सांगतो, आनंद झाला नाही. वाईट वाटलं. मी नसलो की शाखा कोसळेल या समजुतीवर मी इतकी वर्षं रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसत होतो, आणि तसं काहीच झालं नाही. आम्हाला काम सोडवत नाही त्यामागे पुष्कळदा कामाचं प्रेम नसतंच. आपल्यावाचून अडत नाही हे कळण्याची भीती असते.

---

मीनल_के

शाखेतला_माणूस, शेवटच्या परिच्छेदाला +१०००. ऑडिटरवालं वाक्य आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकतेय. (टाकू का?)

---

शाखेतला_माणूस

टाका की. फक्त माझं नाव टाकू नका, मार्च जवळ आलाय. :)

---

फाउंड्रीवाला

लेख चांगला आहे, पण हल्ली जास्त काम करणाऱ्या प्रत्येकाला पेशंट ठरवायची फॅशन आली आहे. माझी कोल्हापूरला फाउंड्री आहे. वडिलांनी दोन भाड्याच्या शेडमधून सुरू केली. मी सकाळी सातला येतो आणि रात्री नऊला घरी जातो, रविवारी अर्धा दिवस. मला कसलाही त्रास नाही. झोप लागते, भूक लागते, रंकाळ्यावर फिरायला जातो. भट्टी तापली की मला मजा येते. पोरांना मात्र साडेपाचला घड्याळ दिसायला लागतं. जपानी संशोधन ठीक आहे हो, पण जपान असाच उभा राहिला ना?

---

चिंचवडकर_सुलभा

फाउंड्रीवाले दादा, तुम्ही सांगितलेली लक्षणं रमलेल्या माणसाची आहेत, पेशंटची नाहीत. रंकाळ्यावर गेल्यावर तुम्ही रंकाळ्यावरच असता, हे महत्त्वाचं. तास मोजून मी कुणाला व्यसनी म्हणत नाही, लेखातही तेच लिहिलं आहे.

पण दोन गोष्टी. पहिली, मन खूश असलं तरी शरीराचं गणित वेगळं चालतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अंदाज काढला. आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. लांबलेल्या तासांमुळे २०१६ या एका वर्षात ७ लाख ४५ हजार मृत्यू झाल्याचा त्यांचा हिशेब आहे. त्यामुळे बीपी तपासत जा, ही धाकट्या बहिणीची विनंती समजा.

दुसरी, भट्टी तुमची आहे. ती कधी पेटवायची, ऑर्डर घ्यायची की सोडायची, हे तुम्ही ठरवता. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला मुद्दा हाच की, कामाचा रेटा जास्त आणि कामावर ताबा कमी, अशी जोडी सर्वांत वाईट. तुमच्या पोरांकडे रेटा तुमच्याइतकाच आहे आणि ताबा जवळजवळ नाही. त्यांना साडेपाचला घड्याळ दिसतं हे तब्येतीचं लक्षण समजा.

---

फाउंड्रीवाला

ताई, बीपीचं ठीक आहे. पोरांचं पटलं नाही, पण विचार करतो.

---

रातपाळी_अंबड

इथं सगळे पगारी साहेबलोक बोलायलेत म्हणून जरा लिहितो. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे.

मन सुटत नाही, अपराधी वाटतं, हे आमच्या डोक्यात यायला वेळ कुठंय? आम्ही डबल ड्युटी करतो ती पैशासाठी. कायद्याप्रमाणे ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. पण ठेकेदाराच्या कागदावर आमचा ओव्हरटाइमच नसतो, मग कशाच्या दुप्पट? आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाचे ९ चे १२ तास करायला मंजुरी दिली, ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला ११५ वरून १४४ तास. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे. ठेकेदारानं कागद पुढं केल्यावर संमती न देणारा कामगार मला दाखवा.

आठवड्याची सुट्टी कुणी आनंदानं दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. गिरणीतल्या माणसाला कामाचं व्यसन आहे का, असं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. भोंगा कधी वाजतो, एवढंच विचारलं होतं. तुमच्या सर्व्हेत ठेक्यावरचे कामगार असतात का ताई?

---

चिंचवडकर_सुलभा

नसतात. मी काम केलेल्या एकाही ठिकाणी नव्हते. सर्व्हे फक्त कंपनीच्या पेरोलवरच्यांचा.

तुमचा मुद्दा मी खोडत नाही. उलट मला वाटतं, 'व्यसन' हा शब्द कंपन्यांना आवडायला लागेल तो याच कारणासाठी. माणूस व्यसनी ठरला की त्याला समुपदेशकाकडे पाठवलं आणि काम झालं. माणसं कमी घेतली, टार्गेट चढवलं, रजा नाकारल्या, हे कुणी विचारत नाही.

---

गुगली_गोलंदाज

आयटी, हिंजवडी. रात्रीचा दीड वाजलाय आणि मी हा प्रतिसाद कॉल संपल्यावर लिहितोय, यावरून काय ते समजा.

आमच्याकडे सक्ती कुणी करत नाही, ही खरी मेख आहे. क्लायंट अमेरिकेत. तो त्याच्या सकाळी मेल टाकतो तेव्हा आपली रात्र. "उद्या बघितलंस तरी चालेल" असं तो लिहितो आणि त्याच्या मनातही तसंच असतं. पण टीममधल्या एकाने रात्रीच उत्तर दिलं की दुसऱ्याला उद्या देणं जड जातं. मग अप्रेझलला (वार्षिक मूल्यमापनाला) 'ओनरशिप', म्हणजे काम आपलं मानणं, या रकान्यात कुणाला किती गुण पडले ते कळतं. चॅटवरचा हिरवा ठिपका विझू नये म्हणून माउस आपोआप हलवणारं यंत्र विकत घेतलेला माणूस माझ्या ओळखीत आहे. काम नसतानाही असल्यासारखं दिसायचं! याला कुठल्या पट्टीवर मोजणार?

वर्क फ्रॉम होममध्ये हे वाढलं. आधी निदान बस चुकेल म्हणून उठायचो.

---

पॉपकॉर्न_पाटील

आठवड्याला ७० तास, ९० तास काम करा म्हणणाऱ्या उद्योगपतींबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून? मी डबा घेऊन बसलोय.

---

संपादक

त्या विषयावर स्वतंत्र धागे आहेत. इथले उद्योगपती-विरुद्ध-सरकार छापाचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. धागा भलत्या वादात नेऊ नये ही विनंती.

---

वाचनमात्र

उडवलेल्यांत माझाही होता, त्यातला माहितीचा तुकडा तेवढा परत टाकतो. ७० तासांची वाक्यं गाजल्यावर केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत या विषयावर लिहिलं गेलं. दिवसाला १२ किंवा अधिक तास टेबलाशी बसणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य, दोन तास किंवा त्याहून कमी बसणाऱ्यांच्या तुलनेत गुणांकनात सुमारे १०० अंकांनी खाली असल्याचा दाखला त्यात आहे. म्हणजे अर्थ खात्याच्या पुस्तकातही शिरला हा विषय.

---

तोक्योतला_सदाशिव

जपानचा उल्लेख आला म्हणून. मी इथे बऱ्याच वर्षांपासून नोकरी करतो.

फाउंड्रीवाले साहेब, जपान असा उभा राहिला हे अर्धं खरं. दुसरं अर्धं म्हणजे 'कारोशी', अतिकामाने येणारा मृत्यू. १९८८ मध्ये इथल्या वकिलांनी त्यासाठी हेल्पलाइन सुरू केली, तेव्हा फोन करणाऱ्यांत विधवा बायकांचा भरणा होता. नुकसानभरपाईसाठी सरकारचा एक मापदंड आहे: आजाराआधीच्या महिन्यात साधारण १०० तास, किंवा आधीच्या दोन ते सहा महिन्यांत दरमहा सरासरी ८० तासांवर ओव्हरटाइम झालेला असेल तर मृत्यूचा कामाशी दाट संबंध धरतात. लोक याला कारोशी-रेषा म्हणतात.

डिसेंबर २०१५ मध्ये एका बड्या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या मुलीने आत्महत्या केली. ती अतिकामामुळे झाल्याचं सरकारने मान्य केलं, देश हादरला. कंपनीला दंड किती झाला असेल? पाच लाख येन. तेव्हाच्या भावाने सुमारे तीन लाख रुपये. प्रकरण गाजल्यावर कंपनीने रात्री दहाला ऑफिसचे दिवे बंद करायला सुरुवात केली. माझ्या ओळखीतल्या लोकांचा अनुभव असा की दिवे बंद केल्याने काम संपत नाही, ते पिशवीत बसून घरी येतं. मग २०१८ च्या कायद्याने ओव्हरटाइमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची साधारण मर्यादा आली.

पण शाखेतला_माणूस यांनी लिहिलं त्यावरून आठवलं. एप्रिल २०१९ पासून इथे मालकावर बंधन आहे की ज्याला वर्षाला दहा किंवा जास्त दिवसांची भरपगारी रजा लागू आहे, त्याला त्यातली किमान पाच दिवस घ्यायला लावलीच पाहिजे. कर्मचारी घेत नसेल तर मालकाने तारखा ठरवायच्या. नाहीतर मालकाला दंड. आधी माझा साहेब रजेचा अर्ज बघून खोल श्वास घ्यायचा, आता मार्च संपत आला की तोच मागे लागतो, "अजून दोन दिवस बाकी आहेत, कधी घेतोस?" त्याचा स्वभाव बदलला असं मला मुळीच वाटत नाही. जबाबदारीचा कागद त्याच्या टेबलावर गेला.

---

चिंचवडकर_सुलभा

सदाशिव, शेवटच्या परिच्छेदाबद्दल फार आभार. आपल्याकडे शिल्लक रजा साठवून शेवटी पैसे करून घ्यायची पद्धत. मीच किती एन्कॅशमेंटच्या फायली पुढे पाठवल्यात. रजा न घेण्याचं बक्षीस आपण रोख देतो.

---

अबोली_सातारा

आतापर्यंत नुसतं वाचत होते, राहवलं नाही.

या माणसांच्या घरी राहून बघा. नवरा आयटीतच. गुहागरला गेलो तेव्हा हॉटेलात रेंज नाही म्हणून हा माणूस गाडी घेऊन रस्त्यावर चढाला जाऊन उभा. मुलं समुद्रात, मी काठावर चपला राखत. आणि सासूबाई गावभर कौतुकाने सांगतात, "आमचा पोरगा सुट्टीतही काम करतो हो, साहेबाचं पान हलत नाही त्याच्याशिवाय." तो दारू पीत असता तर याच सासूबाईंनी नवस बोलले असते.

आणि आणखी एक. मीही नोकरी करते. सहाला घरी, मग कुकर, मग अभ्यास, मग उद्याच्या डब्याची भाजी निवडणं. रविवारी पाहुणे. मला रजेत करमत नाही का, हे विचारायला आधी रजा लागेल. या सगळ्याला कुणी वर्कहोलिक म्हणत नाही, 'गृहकृत्यदक्ष' म्हणतात.

---

मीनल_के

अबोलीताई ___/\___

---

शाखेतला_माणूस

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "चहा ठेव." ठेवला.

---

निवासी_वैतागलेला

सरकारी रुग्णालयात पीजी करतोय. निवासी डॉक्टरांसाठी १९९२ चे निर्देश आहेत, सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, आठवड्याला ४८ तास. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली आठवड्याला ७४ तासांची, एक साप्ताहिक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप. १९९२ मध्ये ४८ आणि २०२४ मध्ये ७४, आणि तेही आम्हाला चैन वाटते. बाकी झोपून उठल्यावर लिहीन.

---

मोरपीस_समुपदेशक

मी मनोविकार विभागात समुपदेशक आहे. चर्चा चांगली चालली आहे, थोडी भर घालते.

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठात सेसिली आंद्रेआसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सात विधानांची एक पट्टी बनवली. कामासाठी अजून वेळ कसा काढता येईल याचा सतत विचार. ठरवल्यापेक्षा जास्त वेळ काम. अपराधीपणा, चिंता, उदासी घालवायला काम. लोकांनी कमी कर म्हटलं तरी न ऐकणं. काम करू दिलं नाही तर अस्वस्थ होणं. छंद, व्यायाम मागे टाकणं. आणि तब्येतीवर परिणाम होईल इतकं काम. गेल्या वर्षभरात यातली किमान चार 'बऱ्याचदा' किंवा 'नेहमी' लागू असतील तर लक्ष द्यायला हवं. नॉर्वेतल्या पाहणीत असे ८.३ टक्के निघाले. (इथे आता सगळे मोजत बसणार, माहीत आहे!) ही चाळणी आहे, निदान नव्हे.

माझ्याकडे येणारा माणूस "मला कामाचं व्यसन आहे" असं म्हणत कधीच येत नाही. तो झोप नाही म्हणून येतो, छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढून येतो, किंवा बायको घेऊन येते. तिसरं विधान मी सर्वांत नीट तपासते. काम करून माणूस कशापासून लांब राहतोय? कधी जुनं नैराश्य असतं, कधी घरातलं भांडण, कधी न केलेला शोक. अशा माणसाला 'सहाला लॅपटॉप बंद करा' सांगितलं तर सहानंतर तो त्या गोष्टीसमोर एकटा पडतो. म्हणून एकदम तोडायला सांगत नाही. रिकाम्या वेळात आधी काय येणार ते ठरवतो. नुसता आराम अशा लोकांना झेपत नाही. झोनेनटाग यांच्या कामातही नवं काही शिकणं हा थकवा उतरवण्याचा एक मार्ग सांगितला आहे. तबल्याचा क्लास लावलेला एक माणूस मला सांगत होता, "तिथे मी वाईट आहे आणि कुणाला काही फरक पडत नाही, फार बरं वाटतं."

कागदोपत्री भाग. 'बर्नआउट' जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित घटना म्हणून. त्यामुळे त्या नावावर रजा मागितली की ऑफिस खळखळ करतं. प्रत्यक्षात नैराश्य किंवा चिंताविकार असेल तर डॉक्टर तसं लिहून देतात, त्याला लाजू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१(४) प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी नीट वाचा. आणि रात्री-अपरात्री फार वाईट वाटत असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात.

रातपाळी_अंबड यांना: तुमच्यासारख्यांना मी "ताबा सोडा, श्वास घ्या" असं सांगत नाही. तुमच्या थकव्याला माझ्याकडे औषध नाही, त्याला संघटना आणि कामगार आयुक्त लागतात.

---

रातपाळी_अंबड

हे पहिल्यांदा कुणी डॉक्टर लाइनमधल्या माणसानं सरळ सांगितलं. धन्यवाद मॅडम.

---

टिवल्याबावल्या

सातपैकी पाच. पण 'ठरवल्यापेक्षा जास्त वेळ' हे मी या संकेतस्थळाबद्दल धरलं.

---

गुगली_गोलंदाज

सुलभाताई, थेट प्रश्न. पुण्यात २०२४ मध्ये त्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला, तिच्या आईचं पत्र देशभर फिरलं. त्यानंतर आमच्या कंपनीत वेलनेस वेबिनार झाला, एका ॲपचं फुकट सभासदत्व मिळालं. वेबिनार संध्याकाळी साडेसातला होता. खासदार सुप्रिया सुळे यांनी ऑफिसनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलंय, पण खासगी विधेयकांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे. आपण तिथे पोहोचेपर्यंत टीम लीडच्या पातळीवर काही करता येतं का? माझ्या हाताखाली माणसं आहेत आणि मला त्यांचा साहेब व्हायचं नाही.

---

चिंचवडकर_सुलभा

करता येतं, थोडं. मी जे चाललेलं पाहिलं तेवढंच सांगते.

रात्रीच्या कामाचा रोटा (पाळ्यांचा तक्ता) लावा. आज रात्री क्लायंटचा माणूस कोण, ते नाव क्लायंटलाही कळवा. बाकीच्यांनी उत्तर दिलं तर दुसऱ्या दिवशी त्यांचं कौतुक करू नका. उलट विचारा, "रोट्यावर नसताना का दिलंस?" सुरुवातीला लोकांना हे टोचतं. जो रात्री थांबला त्याची सकाळ मोकळी, आणि हे कॅलेंडरवर दिसलं पाहिजे, तोंडी नको. रजेवर जाणाऱ्याने काम कुणाकडे दिलं ते लिहून जायचं. ज्याच्याकडे दिलं त्याने रजेवरच्याला फोन करायचा नाही, अडलं तर तुम्हाला करायचा. बँकेतल्या त्या पोरीसारखं कुणीतरी सगळं सांभाळतं, हे एकदा सगळ्यांनी बघणं गरजेचं असतं.

अप्रेझलमध्ये 'ओनरशिप'च्या रकान्यात रात्रीचे मेल मोजणं बंद करण्याचा अधिकार तुमचाच आहे. तिथे कायद्याची वाट बघायला नको.

---

गुगली_गोलंदाज

रोट्याचं करून बघतो. उद्या टीमशी बोलतो. क्लायंट मॅनेजरला विचारावं लागेल आधी.

---

फाउंड्रीवाला

गोलंदाज, एक अनुभवाचा सल्ला. आमच्याकडे भट्टीवर रात्रीच्या पाळीचा रोटा लावला होता, महिनाभरात मोडला. कारण त्यात माझं नाव नव्हतं. रोट्यात पहिली रात्र स्वतःची टाका.